लेकीचं डोकं उठतं तेव्हा: पहिला अर्धा तास आणि महिन्याचा हिशेब

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका आईचा आहे. मुलगी १५ वर्षांची, वजन ४८ किलो, यंदा दहावीला. दीड वर्षापासून महिन्यातून पाच-सहा वेळा डोकं उठतं. कपाळ आणि दोन्ही कानशिलं ठणकतात, उजेड सोसत नाही, चार-पाच तासांनी उलटी होते, मग झोप लागते आणि उठल्यावर बरं वाटतं. घरात सगळे पित्त म्हणतात. चष्म्याचा नंबर तपासून झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. मेडिकलवरून आणलेल्या दुखण्याच्या गोळीने कधी फरक पडतो, कधी नाही. वडिलांना वाटतं, अभ्यास टाळायचं निमित्त आहे.

ताई, तुम्ही लिहिलेल्या खुणा अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या आहेत. नावावरून अर्धंच डोकं दुखायला हवं असं वाटतं, पण या वयात दुखणं पुष्कळदा कपाळभर आणि दोन्ही बाजूंना असतं. झटकाही मोठ्या माणसांपेक्षा आखूड असतो, कधी दोन तासांतही संपतो. ओळखायचं ते बाकीच्या खुणांवरून: ठणका, जिना चढलं किंवा वाकलं की वाढणारं दुखणं, मळमळ, उजेड-आवाज नकोसा होणं आणि दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत लेकरू एकदम ठणठणीत असणं. असे किमान पाच झटके येऊन गेले असतील आणि डॉक्टरांच्या तपासणीत दुसरं काही सापडत नसेल, तर निदान होतं. त्यासाठी डोक्याचा फोटो लागत नाही. एमआरआयवर हजारो रुपये घालण्याआधी तीन साध्या गोष्टी झाल्यात का ते बघा: रक्तदाब, चालणं-तोल-हातापायांची ताकद यांची तपासणी, आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी. चष्म्याचा नंबर काढताना हा पडदा बघितलेला असतोच असं नाही. तो मुद्दाम बघायला सांगावा लागतो.

आता पित्ताचं. हा समज इतका पक्का का, ते समजून घेण्यासारखं आहे. अर्धशिशीच्या झटक्यात जठराचं काम मंदावतं. खाल्लेलं तिथंच पडून राहतं, मळमळ वाढते आणि शेवटी उलटी होते. ही उलटी बहुतेकदा झटका ओसरायच्या सुमारास येते, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं, पित्त पडलं आणि डोकं थांबलं. खरा क्रम उलटा आहे, डोक्यातला झटका आधी आणि पोट त्याच्या मागून. त्यामुळे पित्ताच्या गोळीने डोकं थांबत नाही. घशात बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावू नका. त्यात अंगातलं पाणी जातं आणि पोटात गेलेली गोळीही बाहेर पडते.

जठर मंदावतं हीच गोष्ट तुमच्या दुसऱ्या कोड्याचंही उत्तर आहे, गोळी कधी लागू पडते आणि कधी नाही याचं. दुखणं सुरू होताच घेतलेली गोळी आतड्यापर्यंत पोचते. दोन तास "बघू, थांबतंय का" करून घेतलेली गोळी जठरातच बसून राहते आणि उलटीत निघून जाते. बऱ्याच घरांत गोळी चुकीची नसते, फक्त उशिराची आणि अपुरी असते.

वडिलांशी बोलताना एवढं सांगा: हा आजार घराण्यात चालतो, आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांत येण्याची शक्यता साधारण निम्मी. तुमच्या सासरी-माहेरी चौकशी करा. "पित्ताचा त्रास" असलेली, डोक्याला फडकं घट्ट बांधून अंधारात पडणारी एखादी आजी किंवा आत्या बहुतेक सापडेल. निमित्त करणारं लेकरू लग्नाच्या दिवशी, सहलीच्या दिवशी आजारी पडत नाही. अर्धशिशीवालं तेव्हाही पडतं, उलट जास्तच. झटक्यांची वही ठेवा (कशी ते पुढे आहे); तिच्यातल्या तारखा तपासल्या की हे वडिलांना स्वतःच दिसेल.

पुढे जाण्याआधी एक कुंपण घालून ठेवू. यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय बंद आणि थेट मोठा दवाखाना: क्षणार्धात शिगेला पोचलेलं, आयुष्यातलं सर्वांत जोराचं दुखणं, तापासोबत मान ताठ होणं, फिट येणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, एकाची दोन दिसणं, बडबड किंवा गुंगी, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. रोज पहाटे दुखण्यानेच जाग येत असेल, खोकलं की वाढत असेल किंवा आठवड्यागणिक चढत चाललं असेल, तर चार दिवसांत तपासणी हवी. उन्हातून आलेल्या मुलीचं अंग भट्टीसारखं तापलंय आणि ती असंबद्ध बोलतेय, तर ते अर्धशिशी नव्हे, उष्माघात. अंगावर पाणी मारत १०८ ला फोन करा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं अशा वेळी चोवीस तास उघडी असतात.

झटका येण्याआधी बहुतेक मुलांना चाहूल लागते: सारख्या जांभया, मान आखडणं, चिडचिड, काहीतरी गोड खायची तलफ. काहींना डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, मधेच काळा ठिपका येतो किंवा बोटांना मुंग्या येतात. हे ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतं आणि मागून डोकं उठतं. या खुणा मुलीला स्वतःला ओळखता यायला हव्यात. आईला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

डोकं उठलं की पहिल्या अर्ध्या तासात गोळी पोटात जायला हवी. या वयात पहिली निवड आयबुप्रोफेन, किलोमागे १० मिलिग्रॅम. तुमच्या मुलीच्या वजनाला म्हणजे ४०० मिलिग्रॅमची एक गोळी. अर्धी तोडून देण्यात शहाणपण नाही, अर्ध्या डोसने झटका अर्धवट दबतो आणि संध्याकाळी परत उठतो. गोळी दोन बिस्किटं किंवा अर्ध्या भाकरीवर द्यावी. गरज पडली तर दुसरी ६ ते ८ तासांनी. आयबुप्रोफेन चालत नसेल तर पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तिला ६५० ची गोळी. दोन गोळ्यांत किमान ६ तास आणि दिवसाला चारच्या वर नाही. आयबुप्रोफेन कोणाला चालत नाही? ज्यांना दुखण्याच्या गोळीने दमा उठतो, ज्यांना मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटात अल्सर आहे, आणि पावसाळ्यात ताप असून डेंग्यूची शंका आहे अशा सगळ्यांना. जुलाब-उलट्यांनी अंग सुकलेलं असतानाही ते टाळा. १६ वर्षांखाली ॲस्पिरिन देऊ नका. विषाणूच्या तापात त्याने यकृत आणि मेंदूला इजा होण्याचा दुर्मीळ पण जिवावरचा धोका असतो, आणि पाण्यात विरघळणाऱ्या काही डोकेदुखीच्या गोळ्यांत ॲस्पिरिनच असतं. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचत चला.

गोळीबरोबर मोठा पेलाभर पाणी. मळमळ असेल तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट कालवून घोट घोट. अर्धा कप चहा गोळीसोबत चालतो, काहींना त्याने फायदाही होतो. पण दिवसाला तीन-चार कपांची सवय असेल तर चहाच दुखण्याचं कारण होऊन बसतो. मग पडून राहायचं. खोली अंधारी हवी म्हणतात, पण पत्र्याच्या घरात मे महिन्यात दारं-खिडक्या लावून घेतलेली खोली म्हणजे तवा. घरातली सर्वांत गार जागा निवडा आणि डोळ्यांवर ओलं फडकं टाका. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्यात पिळलेला पंचा कपाळावर आणि मानेखाली, दर पाच-सात मिनिटांनी बदलून. कूलरची घरघर सोसत नसेल तर तो दाराबाहेर काढा. फोडणी, मिरचीचा ठसका, अगरबत्ती, डासांची कॉइल असे वास या वेळी सुईसारखे टोचतात. तेवढा वेळ स्वयंपाक थांबवा. बाम किंवा सुंठेचा लेप काहींना बरा वाटतो, काहींना त्याच्याच वासाने उलटी होते, मुलीला विचारा. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, पण गोळी आधी.

तासाभरात झोप लागली तर उठवू नका. मुलांमध्ये झोप झटका मोडते.

योग्य डोस वेळेवर देऊनही तीनपैकी दोन झटक्यांत दोन तासांनी आराम पडत नसेल, तर डॉक्टरांकडे ट्रिप्टान गटाची, म्हणजे खास अर्धशिशीचा झटका थांबवायची गोळी विचारा. यातलं रिझाट्रिप्टान अमेरिकेच्या औषध नियामकाने ६ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी २०११ मध्ये मान्य केलं आहे. ४० किलोच्या खाली ५ मिलिग्रॅम, ४० आणि पुढे १० मिलिग्रॅम, २४ तासांत एकच. ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही, आणि प्रोप्रानोलॉल (झटके टाळायला रोज घ्यायचं एक औषध) चालू असेल तर डोस कमी करावा लागतो. उलटीच आधी येत असेल तर जिभेवर विरघळणारी ओंडान्सेट्रॉनची गोळी लिहून मिळते. उलटीवरच्याच मेटोक्लोप्रामाइड या दुसऱ्या औषधाने या वयात मान-जबडा वाकडा होण्याचा प्रकार घडतो, म्हणून ते स्वतः आणून देऊ नका. "अर्धशिशीची गोळी" म्हणून काउंटरवर मिळणारी अर्गोटामिन-कॅफिनची मिश्र गोळीही नको. ती सवय लावते आणि ट्रिप्टानसोबत एकाच दिवशी घेतली तर रक्तवाहिन्या आवळते. झटका ७२ तासांपुढे गेला किंवा पाणीही ठरत नसेल, तर सलाइन आणि शिरेतून औषधासाठी भरती करावं लागतं.

आता हिशेबाचा भाग, आणि घोळ इथेच होतो. साधी दुखण्याची गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान किंवा मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी तयार करते. गोळ्या मोजू नका, दिवस मोजा. सहा झटके, प्रत्येकी दोन दिवस गोळी, झाले १२ दिवस. त्यात पाळीच्या पोटदुखीची मेफेनॅमिक ॲसिडची गोळी तीन दिवस. तीही याच कुळातली, पण "ती पोटाची" म्हणून कोणी मोजत नाही. १५ भरले. आठवड्यात दोन दिवसांच्या वर गोळी लागतेय असं दिसलं की तिसऱ्या दिवशीच्या गोळीऐवजी डॉक्टरांची वेळ घ्या. गोळ्यांमुळेच दुखत असेल तर त्या बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस दुखणं वाढतं. हे आधी माहीत नसलं की घरचे चौथ्या दिवशी हार खातात.

हिशेबासाठी शाळेची जुनी वही पुरे. एका झटक्याला एक ओळ, दुखण्याच्या जोराला दहापैकी गुण, अशी:

"१४ तारीख, मंगळवार. दुपारी १:१० ला सुरू. ८/१०. गोळी २:४०. ६:०० ला ३/१०. रात्री झोप ६ तास. डबा खाल्ला नाही. पाळीचा पहिला दिवस."

या एका ओळीत केवढं आहे बघा. दुखणं आणि गोळी यांत दीड तास गेला, बहुधा शाळेतला तास संपायची वाट बघण्यात. डबा खाल्ला नाही, झोप अपुरी आणि पाळी, असे तीन धक्के एकाच दिवशी. एकटी पाळी कदाचित निभली असती. अर्धशिशीचं कारण एक नसतं, ओझी एकावर एक चढतात. म्हणून "काय खाल्लं होतंस?" एवढंच विचारून काही हाती लागत नाही. चॉकलेट, चीज, संत्री अशी वर्ज्य पदार्थांची लांब यादी घरोघर फिरते, ती सरसकट पाळू नका. या वयात खाल्लेल्यापेक्षा न खाल्लेलं जास्त नडतं, आणि गोडाची तलफ ही पुष्कळदा झटक्याची चाहूल असते, कारण नसतं. वहीत तीनदा एकच पदार्थ सापडला तर तेवढाच बंद करा.

सकाळची शाळा सात-साडेसातला असते आणि पोरी चहा-बिस्किटावर निघतात. धपाटं-दही, दूध-भाकरी, निदान शेंगदाण्याचा लाडू आणि केळ पोटात असू द्या. दोन खाण्यांत जागेपणी चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. दप्तरात फुटाणे-गूळ ठेवा. पाण्याचं कारण मात्र वेगळंच निघतं. कित्येक मुली शाळेत मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण तिथलं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नसतं. रोज दोन लिटर प्यायला सांगून हा प्रश्न सुटत नाही. मुख्याध्यापकांशी त्या स्वच्छतागृहाबद्दलच बोलावं लागतं. परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे जातो त्या दिवसांत तीन लिटरपर्यंत लागतं. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसं आहे. दुपारच्या उन्हात डोक्यावर ओढणी आणि डोळ्यांवर काळा चष्मा असू द्या, मग लोक काही का म्हणेनात.

नवरात्रात आपल्याकडे तुळजाभवानीचे नऊ दिवस लेकरंही हौसेने धरतात आणि दिवसभर चहावर राहतात. मोडता घालण्यापेक्षा उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच, उपवास धरायला सांगा, तेही भगर, राजगिरा, दाणे, ताक वेळच्या वेळी घेऊन. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सणासाठी मेडिकलवरून आणू नका. झटक्याआधी चमकत्या रेषा दिसत असतील तर डॉक्टरांना तसं सांगायलाच हवं, कारण अशा मुलींना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या देत नाहीत, मग त्या पाळी नियमित करण्यासाठी का असेनात.

झोप ८ ते १० तास, आणि सुटीच्या दिवशी उठायच्या वेळेत तासाहून जास्त फरक नको. रविवारी दहापर्यंत झोपल्यावर उठणारं डोकं तुम्ही पाहिलं असेलच. पहाटे चारचा अभ्यास हवाच असेल तर रात्री आठला झोप हवी. दोन्ही टोकं एकदम ओढता येत नाहीत. हिमोग्लोबिन एकदा तपासा. १२ ग्रॅमच्या खाली असेल तर ते भरून काढा. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी रिकाम्या पोटी घेऊन मळमळते, जेवणानंतर घ्यायला सांगा.

शाळेला एक चिठ्ठी द्या, डॉक्टरांच्या सहीने असेल तर उत्तम. मजकूर एवढाच: "माझ्या मुलीला अर्धशिशी आहे. डोकं उठलं असं तिने सांगितलं की लगेच दप्तरातली गोळी घेऊ द्यावी, पाणी पिऊ द्यावं, अर्धा-पाऊण तास शांत जागी पडू द्यावं. बरं वाटल्यावर पुन्हा वर्गात बसवावं." शेवटचं वाक्य गाळू नका. दर वेळी घरी पाठवलं की अभ्यास मागे पडतो, त्याचा ताण चढतो, आणि ताणाने पुढचा झटका लवकर येतो. परिपाठाला उन्हात उभं राहण्यातून सूट मागा, खेळातून मागू नका. आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा तास धावणं-खेळणं झटके कमी करतं.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस मोडत असतील तर रोजच्या प्रतिबंधक औषधाचा विचार होतो, तुमची मुलगी तिथवर आलेली आहे. पण अपेक्षा माफक ठेवा. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या ३६१ मुलांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटले ते ॲमिट्रिप्टिलिन घेणाऱ्या ५२ टक्के, टोपिरामेट घेणाऱ्या ५५ टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ६१ टक्के मुलांत. म्हणजे औषधं नकली गोळीच्या पुढे गेली नाहीत. याउलट २०१३ च्या चाचणीत, रोजच दुखत असल्यासारखी गत झालेल्या १० ते १७ वयाच्या मुलांना ॲमिट्रिप्टिलिनसोबत वेदना हाताळण्याचं मानसोपचार प्रशिक्षण दिलं, तेव्हा २८ दिवसांत दुखण्याचे सरासरी ११.५ दिवस कमी झाले. औषधासोबत नुसती माहिती दिलेल्या गटात ६.८. "मानसोपचार" शब्दाने बिचकू नका, दुखणं खोटं आहे असा त्याचा अर्थ नाही. त्यातला एक भाग घरीच होतो: रोज १० मिनिटं, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, आणि पायापासून कपाळापर्यंत एकेक स्नायू आवळून सैल सोडणं. झटका नसताना शिकायचं, तरच झटक्यात जमतं. बोलायला माणूस हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीत चालतो.

तरी औषध सुरू झालं, तर परिणाम ठरवायला ८ ते १२ आठवडे द्या आणि आपल्या मनाने एकदम तोडू नका. काय बघायचं तेवढं लक्षात ठेवा. फ्लुनारिझिनने वजन वाढतं, पेंग येते, काही जण उदास होतात. प्रोप्रानोलॉल दम्यात चालत नाही. टोपिरामेटने घाम कमी होतो, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये ही साधी गोष्ट नाही. शिवाय मुतखड्याचा धोका असल्याने पाणी भरपूर लागतं. व्हॅलप्रोएट वयात आलेल्या मुलींना शक्यतो देत नाहीत, पुढे गर्भाला इजा होते.

दहावीनंतर ती लातूरला किंवा संभाजीनगरला क्लाससाठी होस्टेलवर जाईल असं गृहीत धरून आतापासून गोळी तिची तिला घेऊ द्या. छोट्या पाकिटात आयबुप्रोफेनच्या चार गोळ्या, उलटीची दोन, ओआरएसचं एक पाकीट, आणि कागदावर तिचं वजन, डोस, ॲलर्जी आणि तुमचा फोन. वजन दर सहा महिन्यांनी खोडून नवं लिहा. मेसवाल्यांना लवकर नाश्त्याचं आणि वॉर्डनना चिठ्ठीचं पहिल्याच दिवशी सांगा. नवीन औषध घ्यायचंच असेल तर सराव परीक्षेच्या आधीच्या एखाद्या झटक्यात घेऊन बघावं; बोर्डाच्या पेपरच्या सकाळी पहिल्यांदा नको, कारण पेंग येते की नाही हे घेतल्याशिवाय कळत नाही.